ब्रॉनिका की हॅसलब्लाड? आठ महिने दोन्ही वापरून झालेलं मत

आठ महिने झाले, दोन मीडियम फॉरमॅट, म्हणजे ३५ एमएमपेक्षा मोठ्या फिल्मचे कॅमेरे आलटून पालटून वापरतोय. स्वस्तातला ब्रॉनिका ईटीआरएसआय, ७५ एमएम लेन्ससकट, आणि महागडा हॅसलब्लाड ५०० सीएम, त्यावर झाइसची ८० एमएम प्लानार. दोन्ही सेकंडहँड. हॅसलब्लाडला जेवढे मोजले तेवढ्यात ब्रॉनिकाची बॉडी, आणखी दोन लेन्स, जास्तीची बॅक (मागचा फिल्मचा डबा) असं सगळं येऊन वर रोलला पैसे उरले असते, हे आधीच सांगून टाकतो.

नावं झाकली तर दोन्ही एकाच जातीचे. लेन्स निघते, बॅक निघते, फाइंडर (बघायचा भाग) निघतो, आणि शटर लेन्समध्येच असल्यामुळे फ्लॅश १/५०० सेकंदापर्यंत कुठल्याही स्पीडला सिंक होतो, म्हणजे शटर पूर्ण उघडं असतानाच पडतो. भर उन्हात माणसाच्या डोळ्याखालची काळी सावली फ्लॅशने उजळायची असेल तर याची किंमत कळते, पेंटॅक्स ६७ सारख्या फोकल प्लेन शटरवाल्याला (शटर बॉडीत, फिल्मच्या पुढ्यात) नेहमीच्या लेन्सवर तेच १/३० वर अडकून बसावं लागतं.

आता साइझचं बोलू, कारण सगळी भांडणं इथेच होतात. ब्रॉनिकाची फ्रेम ६x४.५ सेंटीमीटर, एका १२० रोलवर (मीडियम फॉरमॅटची फिल्म) १५ फोटो. हॅसलब्लाड ६x६, १२ फोटो. चौकोन मोठा हे खरं, पण नेहमीच्या आयताकृती कागदावर प्रिंट काढायला गेलात की चौकोनाच्या कडा कापाव्याच लागतात आणि कापून हातात उरतं ते जवळजवळ ६x४.५ च! म्हणजे चौकोनी प्रिंट आवडत असेल तरच त्या जास्तीच्या फिल्मचा उपयोग, नाहीतर आपण रोलमागे तीन फोटो सोडून देतोय.

शार्पनेसचं म्हणाल तर एकाच खिडकीशी, एकाच माणसाचे, एकाच फिल्मवर दोन्हीतून फोटो काढले, एफ/८ ला, ट्रायपॉडवर. कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेला प्रिंट) बघून मित्राने क्षणात ओळखलं, कारण हॅसलब्लाडच्या फ्रेमच्या कडेला बॅकमुळे दोन बारीक व्ही आकाराच्या खाचा येतात, ती त्याची सहीच. मग त्याच निगेटिव्हचे सारखे क्रॉप करून प्रिंट काढले आणि त्याच्यापुढे टाकले. लूप (छोटं भिंग) लावून पापण्या बघितल्या, स्वेटरची वीण बघितली, कागद उलटा करून बघितला (मागे काही लिहिलंय का म्हणून, लबाड), आणि शेवटी चुकीचाच उचलला. मीही पैज लावून सांगू शकलो नसतो.

मग पैसे जातात कुठे? हातात. हॅसलब्लाडला बॅटरीच नाही, सगळं यांत्रिक, फिल्म पुढे सरकवायची क्रँक फिरवताना जे जाणवतं ते लिहून सांगता येत नाही. ब्रॉनिकाचं शटर इलेक्ट्रॉनिक, ६ व्होल्टची छोटी बॅटरी लागते, ती मेली की फक्त १/५०० उरतं. पहाटेच्या धुक्यात माझी मेली आणि जास्तीची घरी, चूक माझीच, त्या उजेडात १/५०० म्हणजे निगेटिव्हवर काहीच नाही.

पण हॅसलब्लाडचेही नखरे आहेत. लेन्स काढताना-लावताना बॉडी आणि लेन्स दोन्ही कॉक्ड (चावी दिलेले) हवेत. एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून फोटोसाठी बॉडी आणि लेन्सच्या मधली नळी) असेल तर आधी लेन्स, मग ट्यूब, असंच काढायचं. मी घाईत दोन्ही एकदम फिरवायला गेलो आणि सगळं जाम. बॅक काढून, मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून लेन्सचा तो खाचेचा स्क्रू हळूहळू फिरवला, टक् आवाज आला तेव्हा कुठे श्वास सोडला, आणि पूर्ण वेळ स्क्रूड्रायव्हर लेन्सच्या मागच्या काचेपासून बोटभर अंतरावर!

रोजच्या कामाला ब्रॉनिका. स्पीड ग्रिप (बाजूची मूठ) आणि उजेड मोजणारा, डोळ्यासमोर धरून बघायचा प्रिझम फाइंडर लावला की ३५ एमएमसारखा डोळ्याला लावून पटापट चालतो. कमरेशी धरून वरून बघायच्या वेस्ट लेव्हल फाइंडरवर मात्र उभा फोटो विसरा, कॅमेरा आडवा धरून मान वाकडी करून बघायचं आणि वर चित्र उलटं. चौकोनात ही भानगडच नाही.

दुरुस्तीचा मुद्दा मात्र महागड्याच्या बाजूने. ब्रॉनिकाचा कारभार २००५ पर्यंत आटोपला, आतलं सर्किट गेलं तर दुसरी बॉडी शोधणं सोपं. यांत्रिक कॅमेरा जाणकार माणूस उघडून नीट करू शकतो.

हॅसलब्लाड घेणारच असाल तर बॅकचं कवच आणि आतला इन्सर्ट (फिल्म बसवायचा भाग) यांच्या नंबरचे शेवटचे तीन आकडे जुळतात का बघा, न जुळणाऱ्यात फ्रेममधलं अंतर बिघडू शकतं. डार्क स्लाइडचं (बॅक काढताना फिल्म झाकणाऱ्या पत्र्याचं) उजेड अडवणारं सील दोन्हीत बदलायचंच असं धरून चाला. पहिल्यांदाच घेत असाल तर ब्रॉनिका घ्या, वाचलेल्या पैशांचे रोल आणा.

माझ्या ब्रॉनिकातून या महिन्यात सहा रोल निघाले. हॅसलब्लाडचा काउंटर तीन आठवडे ७ वर आहे, रोज संध्याकाळी क्रँकवरून हात मात्र फिरवतो.