दोरी ओढायची की गाडी पुढे ढकलायची?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला. तिथला नियम एकच: गाड्या जोडणारी लाइन थांबता कामा नये. बोल्ट नीट बसला नाही? जाऊ दे पुढे. मग आवारात बिघडलेल्या गाड्यांची रांग, आणि दुरुस्तीवाले बसवलेले भाग पुन्हा उचकटताहेत.

१९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तिथेच ‘नुम्मी’ ही गाड्या बनवणारी कंपनी सुरू झाली. कामगार बहुतेक जुनेच. आता डोक्यावर दोरी. चूक दिसली की ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत निस्तरलं तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. थांबलेल्या मिनिटाचा खर्च लगेच डोळ्यांत खुपतो; आवारातल्या दुरुस्तीचा कुठेतरी मुरून जातो.

मी दोरीच्या बाजूचा. पण ती मुख्यतः जोडणीतली चूक पकडते. ॲक्सिलरेटरचं पेडलच मुळात अडकणारं असेल, तर तेही अगदी बिनचूक बसवलं जातं! २००९-१० मध्ये खुद्द टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. माणसं घडवण्याच्या वेगापेक्षा वाढीचा वेग जास्त झाला, असं कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडांनी अमेरिकी काँग्रेससमोर कबूल केलं.