लंडनला डायरेक्ट की दुबईवरून? कोल्हापूरकरांसाठी

बऱ्याच जणांची पोरं तिकडं शिकायला गेलीत आणि आई-बाबांचं तिकीट काढताना हाच प्रश्न पडतो. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किमी, डायरेक्ट विमान जाताना दहा तासांच्या आसपास घेतं, येताना मागून वारा मिळतो म्हणून तासभर तरी लवकर. दुबईवरून गेलं तर मुंबई-दुबई १,९३० आणि पुढं साडेपाच हजार, म्हणजे वाट फक्त दोनेकशे किमीच वाढते!

मग वेळ कुठं जातो, तर दुबईत थांबण्यात, तीन तास धरले तरी एकूण चौदा होतात आणि कनेक्शन लांबचं असलं तर विचारूच नका. तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं हे खरं, तरुण पोरांनी खुशाल जावं, फक्त दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर घ्या. पण आपल्याला आधी महालक्ष्मी एक्सप्रेसनं नाहीतर गाडीनं मुंबई गाठायची असते, त्यात गुडघे दुखणाऱ्या माणसाला मध्यरात्री त्या भल्यामोठ्या एअरपोर्टवर गेट शोधत फिरवायचं मला पटत नाही. त्यांना डायरेक्टच पाठवा आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.