टर्मिनलमध्ये पुस्तक वाचावं का? ईपीवाय की झाथुरा

दिवसभर ज्यांचे हात कीबोर्डवर असतात, त्यांना कधी ना कधी वाटतंच की पुस्तकही याच काळ्या खिडकीत, माउसला हात न लावता वाचता यावं. तसं वाचता येतं. मी गेली दोन वर्षं लिनक्सवर दोन गोष्टी आलटूनपालटून वापरतोय: टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीच्या, आत चालणारं ईपीवाय, आणि स्वतःची खिडकी उघडणारं पण पूर्णपणे कीबोर्डवर चालणारं झाथुरा. या दोहोंतून एक निवडताना मी आधी एकच विचारेन: तुम्ही वाचता ते इंग्रजीत की मराठीत?

इंग्रजी असेल तर ईपीवाय बेलाशक घ्या. पायथॉन भाषेतले प्रोग्राम बसवणारा पिप असला की एका आज्ञेत ते बसतं. ईपब, मोबी, एझीडब्ल्यू३, एफबी२ एवढे ई-पुस्तकांचे प्रकार उघडतं. जे आणि के या कळांनी ओळी वरखाली, स्पेसने पुढचं पान, एन-पीने पुढचं-मागचं प्रकरण, टीने अनुक्रमणिका, तिरक्या रेघेने शोध. व्हीम हा कीबोर्डवर चालणारा मजकूर-संपादक वापरणाऱ्याला शिकावं लागेल असं जवळजवळ काहीच नाही. अधिक-उण्याच्या कळांनी ओळीची रुंदी बदलते, आणि मला याचं मोल फार वाटतं, कारण रुंद पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली ओळ वाचताना डोळा पुढच्या ओळीची सुरुवात चुकतो.

पण मी खरा त्याच्या प्रेमात पडलो तो त्याच्या आठवणीमुळे. काहीही न सांगता नुसतं नाव टाइप केलं की शेवटचं पुस्तक, जिथे सोडलं त्याच ओळीवर उघडतं. नावाचा एखादा तुकडा दिला की आधी वाचलेल्यांतून ते पुस्तक शोधून काढतं. शिवाय हे सगळं एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनला टर्मिनलमधून जोडून, चालतं. पुस्तकं घरच्या जुन्या मशीनवर ठेवायची आणि कुठूनही जोडून वाचायची. टर्मिनलचं काम मागे चालू ठेवणाऱ्या टीमक्समध्ये उघडं ठेवलं तर जोडणी तुटली तरी पान हरवत नाही. झाथुराला ही सोय इतक्या सहज नाही.

चित्रांच्या जागी मात्र फक्त खूण दिसते. चित्र बघायचं तर ओ दाबून बाहेरच्या प्रोग्रामात उघडावं लागतं. मोठे तक्ते आणि गणिती सूत्रं यांची आशा धरू नका. शेवटची आवृत्तीही २०२३ची आहे, हे लक्षात असू द्या. नुसतं ईपब वाचायचं असेल तर रस्ट भाषेत लिहिलेलं बीके आणखी सुटसुटीत आहे. बाचा नावाचं तिसरं एक आहे, ते चित्रं टर्मिनलमध्येच ठिपक्यांसारखी दाखवतं. इंडोनेशियन भाषेत ‘बाचा’ म्हणजे वाचणं, आणि तो शब्द संस्कृत ‘वाचा’वरून तिकडे गेला, म्हणून मला ते नाव आपलंसं वाटतं.

मराठीचं गणित वेगळं आहे. टर्मिनल म्हणजे चौकोनांची जाळी: एका अक्षराला एक चौकोन, चिनी-जपानीला दोन. आपली लिपी या हिशोबात बसत नाही. ‘स्त्री’ घ्या. संगणकाच्या लेखी त्या स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा खुणा, पण कागदावर ते एकच जोडाक्षर. टर्मिनल त्याला एकाहून जास्त चौकोन देऊन मोकळं होतं, मग कुठे मोकळी जागा राहते, कुठे अक्षरं एकमेकांवर चढतात. ऱ्हस्व वेलांटी तर साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी आधी. अलाक्रिटीसारख्या टर्मिनलमध्ये ती भलत्याच जागी बसते. एमएलटर्म हे टर्मिनल मुळात अनेक लिप्यांसाठी बनलेलं असल्याने तिथे बरं दिसतं, पण तीनशे पानं वाचण्याइतकं नाही. आणि खिडक्यांशिवायच्या निव्वळ कन्सोलवर देवनागरीची आशाच नको, कारण तिथल्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात.

हा दोष ईपीवायचा नाही, म्हणून दुसरा टर्मिनल वाचक शोधूनही सुटका नाही. मी बरेच दिवस त्यात घालवले. मराठीसाठी सरळ झाथुरा घ्या. तिथेही जे-के, तिरकी रेघ, टॅबने अनुक्रमणिका. कंट्रोल-आरने रंग उलटे होऊन रात्रीचं वाचन सोपं. अक्षरं मात्र छापल्यासारखी जुळलेली, कारण ती मांडायचं काम म्यूपीडीएफ हे पानं रेखाटणारं इंजिन करतं. एवढं जपा: झाथुराला फाइल उघडण्यासाठी जोड-प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, लागतं; पॉपलर या दुसऱ्या इंजिनाचं प्लगइन फक्त पीडीएफ उघडतं, ईपबसाठी म्यूपीडीएफचंच हवं. आर्च या लिनक्सवर ते तयार मिळतं. बाकी ठिकाणी आधी बघून घ्या.

झाथुरात ईपबची पानं ठरावीक मापाची असतात. अक्षर मोठं केलं की सगळं पानच मोठं होतं, मजकूर नव्याने ओळींत बसत नाही. लहान पडद्यावर याचा त्रास होतो. तिथे फोलिएट हा खिडकीतला ई-पुस्तक वाचक चांगला, फक्त तो जड आहे.

आणखी एक गोष्ट झाथुराच्या बाजूने. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहावरून ईपब उतरवता येतं खरं, पण जुनी मराठी पुस्तकं बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफ रूपातच मिळतात. ती म्हणजे पानांचे फोटो, आणि टर्मिनल वाचकाला त्यात वाचण्यासारखं काहीच नसतं. किंडलवर विकत घेतलेली, कुलूपबंद पुस्तकं मात्र दोन्हीकडे उघडत नाहीत.

ठरवण्याआधी तुमच्या टर्मिनलमध्ये मजकूर छापणाऱ्या इको आज्ञेने ‘किल्ल्यांच्या स्त्रियांनी’ एवढे दोन शब्द छापून बघा. पहिली वेलांटी क च्या आधी आली, ल्ल्या एकसंध दिसला आणि स्त्रि फुटला नाही, तर एखादं मराठी ईपब ईपीवायमध्ये उघडायला हरकत नाही. माझ्या टर्मिनलमध्ये तिन्ही फुटले.