पेलिकन १७५० : शिकारीची रायफल गाडीतून नेण्याची पेटी, चार हंगामांनंतर

न्यू जर्सीत एडिसनला राहून पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला जाणाऱ्याला रायफलइतकाच विचार ती नेण्याच्या पेटीचाही करावा लागतो, हे पहिल्या वर्षी मला कोणी सांगितले नव्हते. न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर रायफल (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होऊन झाडली जाणारी) चालत नाही. शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्य यांवरच भागवावे लागते. त्यामुळे रायफलची हौस असलेले आमच्यासारखे लोक थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, हंगाम उघडतो त्या दिवशी, अंधारातच २८७ क्रमांकाच्या महामार्गावरून ८० ला लागतात आणि डेलावेअर वॉटर गॅपपाशी नदी ओलांडून पोकोनोजच्या डोंगरात शिरतात. एवढ्याशा प्रवासात रायफलला दोन राज्यांचे आणि एक केंद्राचा असे तीन कायदे लागू होतात, आणि गाडीच्या मागच्या भागात ठेवलेल्या पेटीने त्या तिन्हींचे समाधान करावे लागते. पेलिकन कंपनीची १७५० क्रमांकाची लांब पेटी मी याच हिशेबाने घेतली आणि चार हंगाम वापरली; तिच्याविषयी हे लिहीत आहे.

कायदा आधी सांगतो, कारण पेटीचे गुणदोष त्याच्याच पट्टीने मोजायचे आहेत. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे बंदूक रिकामी असली पाहिजे आणि ती बंद करून अडकवलेल्या पेटीत, नीट बांधलेल्या गाठोड्यात किंवा गाडीच्या डिकीत कुलूपबंद असली पाहिजे; शिवाय वाटेत आवश्यक तेवढेच वळण घेण्याची मुभा आहे. राज्याची सीमा ओलांडून जाणाऱ्याला १९८६ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षण दिले आहे. निघतो तिथे आणि पोहोचतो तिथे बंदूक बाळगणे कायदेशीर असले, बंदूक रिकामी असली, आणि बंदूक व काडतुसे दोन्ही बसल्या जागेवरून सहज हाती लागणार नाहीत अशी ठेवली, तर मधल्या राज्याचा कायदा आड येत नाही. मात्र ज्या गाडीला स्वतंत्र डिकी नाही, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असलेली एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन, तिच्यात बंदूक आणि काडतुसे कुलूपबंद पेटीतच हवीत. आणि समोरचा ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा कुलूप लावलेला असला तरी ही पेटी म्हणून धरला जात नाही. हे कलम वाचेपर्यंत माझी काडतुसे खुशाल ग्लोव्ह बॉक्समध्ये असत.

पेनसिल्व्हेनियाचा शिकार कायदा याहून बारकाईने लिहिलेला आहे. भरलेली रायफल वाहनात नको, वाहनावर नको आणि वाहनाला टेकवूनही नको, मग गाडी चालू असो वा उभी असो. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) किंवा लावलेल्या मॅगझिनमध्ये काडतूस असले की रायफल भरलेली धरली जाते. जंगलातून दमूनभागून परतलेला माणूस हातमोजे काढण्यासाठी रायफल सहज बोनेटला टेकवतो, आणि ती रिकामी केलेली नसेल तर तेवढ्यातच गुन्हा घडतो. म्हणून गाडी दिसू लागली की थांबायचे, नळी सुरक्षित दिशेला धरून बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढायचा, काडतुसे काढून खिशात घालायची, चेंबरमध्ये करंगळी घालून चाचपायचे आणि मगच गाडीपाशी जायचे, अशी सवय मी लावून घेतली आहे. डिसेंबरच्या संधिप्रकाशात डोळ्यांपेक्षा करंगळी जास्त भरवशाची असते.

या पेटीच्या आधी मी दोन प्रयोग केले होते. पहिली म्हणजे चेन असलेली कापडी खोळ, जिला कुलूप लावण्याची सोयच नव्हती. दुसरी एका ऑनलाइन दुकानातून मागवलेली पातळ पत्र्याची लांब पेटी, जिचे नाव इथे घेत नाही. तिच्या जाहिरातीत सुरक्षिततेच्या बऱ्याच गोष्टी होत्या. एका शुक्रवारी रात्री सामान भरताना तिची चावी सापडेना, तेव्हा स्वयंपाकघरातल्या खणातला साधा स्क्रू ड्रायव्हर झाकणाच्या फटीत घालून मी जोर लावला. पत्रा पुठ्ठ्यासारखा वाकला आणि कडी आपोआप सुटली. चहाचे आधण ठेवून आलो होतो, त्याला उकळी फुटायच्या आत माझी तिजोरी उघडली होती. चावी दुसऱ्या दिवशी जाकिटाच्या अस्तरात सापडली. त्यानंतर त्या पेटीत मी छत्र्या ठेवतो.

पेलिकन १७५० च्या आतली जागा साडेपन्नास इंच लांब, साडेतेरा इंच रुंद आणि सव्वापाच इंच खोल आहे. माझी .३०-०६ मापाच्या काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल दुर्बिणीसह तिच्यात आरामात बसते आणि लांब नळीच्या शॉटगनलाही अडचण येत नाही. बाहेरचे कवच जाड प्लॅस्टिकचे आहे, कडेने रबराची पट्टी आहे त्यामुळे पाणी आणि धूळ आत जात नाही, आणि हवेचा दाब सारखा राखणारी एक झडप आहे, जिच्यामुळे डोंगर उतरून आल्यावर झाकण चिकटून बसत नाही. कुलूप घालायच्या भोकांना स्टेनलेस स्टीलचे अस्तर आहे; माझ्या लेखी हाच या पेटीचा सर्वांत मोलाचा भाग, कारण नुसत्या प्लॅस्टिकच्या भोकाला कितीही भारी कुलूप लावले तरी चोर कुलपाला हात न लावता प्लॅस्टिक फोडतो. एका टोकाला चाके आहेत. कंपनी पेटीला कायमची हमी देते आणि त्या हमीतून शार्कचा चावा, अस्वलाचा हल्ला व पाच वर्षांखालील मुले वगळते. पोकोनोजमध्ये काळी अस्वले भरपूर असल्यामुळे आमच्यापुरता तरी हा विनोद अर्धाच आहे.

आतला फोम आपल्या रायफलच्या आकाराने कापून घ्यावा लागतो. मी रायफल कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली आणि पाव कापायच्या दातेरी सुरीने फोम कापला. बोल्टसाठी वेगळा खाच कापायचे मात्र विसरलो आणि ते बरेच झाले. कारण बोल्ट काढून वेगळ्या कुलूपबंद डब्यात काडतुसांबरोबर ठेवला, की मोठी पेटी कोणी उचलून नेली तरी त्याच्या हाती गोळी झाडू न शकणारी नळी आणि दस्ता एवढेच लागते. तो छोटा डबा मी पुढच्या सीटखाली नव्हे, तर मागेच, तंबू आणि बुटांच्या पिशवीखाली ठेवतो.

वजनाचा प्रश्न आहे. फोमसह पेटी सुमारे १२ किलोची आहे, त्यात रायफल आणि दुर्बीण धरली तर १६ किलोंच्या आसपास जाते, आणि ती लांब असल्यामुळे जिन्यावरून एकट्याने नेताना भिंतीचा रंग खरवडला जातो. बाहेरून ती ५३ इंच आहे, म्हणजे माझ्या गाडीत आडवी मावत नाही. तिसरी रांग पाडून ती लांबीत ठेवावी लागते आणि मग मागे दोनच माणसे बसतात. घेण्यापूर्वी आपल्या गाडीच्या मागच्या जागेत टेप धरून पाहावा, एवढे तरी मी केले असते तर मुलाला पहिल्या वर्षी घरी ठेवावे लागले नसते.

आता सुरक्षिततेबद्दल. कायद्याला जे हवे ते ही पेटी पूर्णपणे देते: ती टणक आहे, बंद होते, कुलूप घेते. विमानाने जायचे झाले तरी हीच पेटी चालते. रिकामी बंदूक कठीण, कुलूपबंद पेटीत घालून काउंटरवर जाहीर करायची असते आणि चावी आपल्याकडेच राहते. पण पोलिसाला दाखवायची सुरक्षितता आणि चोराला अडवणारी सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या पेटीला चांगली मूठ आणि चाके आहेत ती चोरालाही तितकीच सोयीची असते. शिवाय ती पाहून आत तंबोरा आहे असे कोणालाही वाटत नाही. म्हणून मी जाड पोलादी तार मुठीतून ओवून गाडीच्या मागच्या सीटच्या पोलादी कडीला, मुलांची सीट अडकवतात त्या कडीला, कुलपाने बांधतो आणि वरून जुनी सोलापुरी चादर टाकतो. मोठ्या कातरीने तार तुटते याची मला पूर्ण कल्पना आहे; पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहात जाऊन येईपर्यंतचा वेळ निघावा, एवढीच त्या तारेकडून अपेक्षा आहे. गाडीत रात्रभर रायफल मी ठेवत नाही. मोटेलमध्ये उतरलो तर पेटी खोलीत येते आणि घरी आलो की रायफल तळघरातल्या भिंतीला बोल्ट केलेल्या तिजोरीत जाते. ज्यांना गाडीतच ठेवणे भाग आहे, त्यांनी पेटीचा नाद सोडून गाडीच्या तळाला नटबोल्टने जोडलेला भक्कम खण बसवावा. ट्रकव्हॉल्ट किंवा डेक्ड यांसारख्या कंपन्या तसे खण बनवतात, आणि किंमत पेटीच्या कितीतरी पट असली तरी तो खण उचलून नेता येत नाही.

न्यूयॉर्कच्या कॅट्सकिल डोंगरात जाणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. तिथल्या २०२२ च्या कायद्याने गाडी सोडून जाताना बंदूक रिकामी करून, बाहेरून दिसणार नाही अशी, कुलूपबंद जागेत ठेवणे सक्तीचे केले आहे, आणि ती जागा आग, आघात आणि छेडछाड यांना दाद न देणारी असावी असे म्हटले आहे. प्लॅस्टिकची पेटी आगीच्या अटीत बसते असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून त्या बाजूला मी ही पेटी गाडीत सोडून हॉटेलात जेवायला जात नाही.

न्यू जर्सीतल्या ‘आवश्यक तेवढेच वळण’ या शब्दांचा अर्थ मला एका परतीच्या प्रवासात कळला. बर्फाच्या पेटीत हरणाचे मांस, पाठीमागे रायफल, आणि बरोबरचा मित्र म्हणाला, वाटेवरच ब्रिजवॉटरचे बालाजी मंदिर आहे, उपाहारगृहात डोसा खाऊन जाऊ. २८७ पासून ते काही लांब नाही, आणि खरे सांगायचे तर तिथला डोसा चुकवण्यासारखा नाही. पण गर्दीने भरलेल्या मंदिराच्या पार्किंगमध्ये रायफल ठेवून डोसा खाणे हे आवश्यक वळण होते, असे न्यायाधीशाला पटवण्याची तयारी माझी नव्हती; आणि मांस घेऊन देवाच्या दारात उभे राहण्याची त्याचीही नव्हती, हे त्याच्या उशिरा लक्षात आले. डोसा आम्ही दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीने जाऊन खाल्ला.

ओलाव्याबाबत एक सूचना करतो, कारण ती पेटीच्या माहितीपत्रकापेक्षा अनुभवातून अधिक कळते. जी पेटी पाणी आत येऊ देत नाही ती आतले पाणी बाहेरही जाऊ देत नाही. बर्फात भिजलेली रायफल तशीच फोममध्ये बंद केली तर रात्रीत नळीवर तांबूस ठिपके येतात. गाडीपाशी आल्यावर आधी कोरड्या फडक्याने पुसावी, तेलाचा हात फिरवावा आणि मगच पेटी बंद करावी. याउलट कोरडी पण गारठलेली रायफल घरी आणली तर पेटी लगेच उघडू नये. दोन-तीन तास बंदच ठेवून ती खोलीच्या उबेला येऊ द्यावी, नाहीतर घरातली दमट हवा थंड पोलादावर दवासारखी बसते. ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या मी दर हंगामाला बदलतो.

गावी कोकणात काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर पारध संपली, तरी रानडुकरांना घाबरवायला ती खुंटीवर टांगलेली असे, आणि निवडणूक जाहीर झाली की काका ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून येत. पेटीला तीनशे डॉलरांच्या वर पैसे मोजले असे मी त्यांना फोनवर सांगितले, तेव्हा तेवढ्यात दुसरी बंदूक आली असती, असे त्यांचे म्हणणे पडले.

एच-१बी व्हिसावर असलेल्या आणि या छंदाचा विचार करणाऱ्या मराठी मित्रांसाठी एवढे सांगतो की, अशा व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या थोड्या अपवादांपैकी एक आहे. तेव्हा आधी शिकारी शिक्षणाचा वर्ग, मग परवाना, त्यानंतर राज्याची कागदपत्रे, आणि पेटी सर्वांत शेवटी. ज्याला वर्षातून दोन-तीन वेळाच रायफल गाडीतून न्यायची आहे, त्याने याच कंपनीच्या व्हॉल्ट मालिकेतली स्वस्त पेटी पाहायला हरकत नाही. विमानाने पश्चिमेकडे जाणाऱ्याने किंवा दर शनिवारी चांदमारीला जाणाऱ्याने मात्र १७५० च घ्यावी. कुलपे पेटीबरोबर येत नाहीत. ती घेताना सर्वांना एकच चावी लागेल असा संच मागावा, आणि जास्तीची चावी जाकिटात ठेवू नये.