प्रीमियम क्रेडिट कार्ड सोडून साधं घेतलं, सर्व्हिस ठीकठाक
वर्षाला दहा हजार फी, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ११,८०० झाले, आणि विमानतळावरचं फुकट लाउंज काय करायचंय ओ, आपण पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसनं जाणारी माणसं. खर्च म्हणजे किराणा, पेट्रोल, नवी पेठेतली खरेदी, त्यात फी माफ व्हायचं टार्गेट कुठनं गाठणार. म्हणून बँकेला फोन लावला, तर आधी पॉइंट्सचं आमिष, मग निम्मी फी, मग "सर विचार करा", लय डोकं खाल्लं. शेवटी कार्ड बंदच करा म्हटलं तेव्हा लगेच डाउनग्रेडचा, म्हणजे साधं कार्ड घ्यायचा ऑप्शन निघाला, आधी का नाही सांगत बे? (बंद करायची रिक्वेस्ट दिली की ७ वर्किंग डेजमध्ये करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० दंड, आरबीआयचा नियम आहे, तोंडावर सांगायचं.)
नवीन कार्ड रुपे मागितलं, यूपीआयला क्रेडिट कार्ड तेच चालतं, आता दुकानातला क्यूआर स्कॅन केला की काम झालं. लिमिट तेवढंच राहिलं. नंबर मात्र बदलला, त्यामुळं लाइट बिलाचं ऑटो पे परत लावत बसलो. जुन्या कार्डाचे पॉइंट्स बदलायच्या आधीच वापरून टाका. पाचपैकी तीन स्टार, एक फोनवरच्या त्रासासाठी कापला, दुसरा ॲपमध्ये डाउनग्रेडचा ऑप्शनच नाही म्हणून.