बलाचा संच : ताणकाटे घ्याच, पुस्तिका मात्र मुलांच्या हाती देऊ नका

मी गुहागर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी बल शिकवण्यासाठी हा संच मागवला. किंमत तीन हजारांच्या आत. खोक्यात दोन ताणकाटे (ओढीचं बल मोजणारे स्प्रिंगचे काटे), हुक लावलेला लाकडी ठोकळा, पॉलिशपेपर, काचेची पट्टी, वजनं, दोन पट्टीचुंबक, कंगवा आणि एक पुस्तिका.

पैसे वसूल होतात ते ताणकाट्यांमुळे. नळी पारदर्शक असल्याने स्प्रिंग ताणली जाताना मुलांना दिसते. १०० ग्रॅमचं वजन अडकवलं की काटा १ न्यूटनच्या (न्यूटन हे बलाचं एकक) किंचित अलीकडे थांबतो. दोन्ही काटे एकमेकांत अडकवून एक टोक वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाकडे आणि दुसरं सगळ्यात लहानखुऱ्या मुलीकडे दिलं. दोन्ही काट्यांवर आकडा एकच! मुलांना ते पटेना. जागा बदलल्या, जोड्या बदलल्या, आकडे काही वेगळे येईनात. बल एकट्या वस्तूचं नसतं, ते दोघांमध्ये असतं, हे मुलांनी तिथे स्वतः ओढून पाहिलं. एवढ्यासाठीसुद्धा मी हा संच पुन्हा घेईन.

काट्यावर न्यूटनच्या शेजारी ग्रॅमच्याही खुणा आहेत. त्यावर मी कागदाची पट्टी चिकटवली. चंद्रयान-३ ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरलं, तिथे हा काटा नेला तर इथे ६ न्यूटन भरणारी वस्तू १ न्यूटनच्या आसपास भरेल. वस्तुमान मात्र तेवढंच राहील, म्हणजे ग्रॅमचा आकडा तिथे चुकणार. सहावीतल्या मुलांचा वजन आणि वस्तुमान यांत गोंधळ होतोच, त्यात आणखी भर नको.

घर्षणाचा भाग कच्चा आहे. ठोकळा फार हलका, आणि काटे १० न्यूटनपर्यंत मोजणारे. काचेवरून ओढताना काटा जेमतेम हलतो, पॉलिशपेपरवरचा फरकही नीट वाचता येत नाही. ठोकळ्यावर वाळूची पिशवी ठेवली तेव्हा कुठे आकडे बोलायला लागले. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून शाळेत येणाऱ्या मुलांना घर्षण कमी झाल्यावर काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही, पण ते मोजता आलं पाहिजे, आणि विक्रेत्याने त्यासाठी २.५ न्यूटनचा एक काटा द्यायला हवा होता.

चुंबक जोरदार आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत फिरवा, कण झुपक्याने चिकटतात. कंगवा आणि कागदाच्या कपट्यांचा प्रयोग जुलैत करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत कंगव्यावर विद्युतभार टिकत नाही. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही. जानेवारीत, कोरड्या केसांवर, तो छान होतो.

आता त्या पुस्तिकेबद्दल. वर फेकलेल्या चेंडूच्या चित्रात चेंडू हवेत आहे आणि त्याला वरच्या दिशेने बाण काढून 'हाताचे बल' असं लिहिलं आहे. हे सपशेल चूक आहे. चेंडू हातातून सुटला की हाताचं बल संपलं. हवेचा थोडा विरोध सोडला तर त्यानंतर त्याच्यावर फक्त खाली खेचणारं गुरुत्वीय बल असतं, वर जातानासुद्धा. मुलांना आधीच वाटत असतं की चेंडूत भरलेला 'जोर' हळूहळू संपतो आणि मग तो पडतो. हा समज मोडायला मला बरेच तास लागतात, आणि इथे तो छापून मुलांच्या हाती दिला आहे. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाच्या चित्रात तर एकही बाण नाही, जणू स्थिर वस्तूवर बल नसतंच. मी विक्रेत्याला दोन्ही चित्रांबद्दल कळवलं, उत्तर आलेलं नाही.

शाळेसाठी घेत असाल तर ताणकाटे आणि चुंबक सुटे मिळतात का ते आधी विचारा, मिळत असतील तर तेच घ्या. ठोकळा गावातला सुतार करून देतो, आणि हवा तसा जड. काटे खाऱ्या हवेत उघडे ठेवू नका, आमच्या एका स्प्रिंगला पहिल्याच पावसाळ्यात गंज चढला. आता शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवते. दुसरा काटा अजून शून्यावर नीट येतो.