बीआयएस की एन्ट्रॉपी? दोन्ही वापरून झाल्यावर

मी फिरता भूलतज्ज्ञ. घर जळगावात, काम भुसावळ, चोपडा, पाचोरा, जिथून फोन येईल तिथे. बीआयएस आणि एन्ट्रॉपी ही दोन्ही भूल किती खोल आहे ते आकड्यात दाखवणारी यंत्रं. गेल्या पावसाळ्यापासून बीआयएसचा सुटा मॉनिटर गाडीत असतो. एन्ट्रॉपी मात्र एका मोठ्या रुग्णालयातच वापरायला मिळते. ते मॉड्यूल जीई कंपनीच्या मॉनिटरमध्येच बसतं, उचलून नेता येत नाही. माझी निम्मी निवड तिथेच झाली.

दोन्हींत कपाळावर पट्टी, मेंदूच्या लहरी, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी ४० ते ६०च्या मधे ठेवायचा आकडा; तो जितका कमी, तितकी भूल खोल. पण एन्ट्रॉपी दोन आकडे देते. स्टेट ० ते ९१, रिस्पॉन्स ० ते १००. रिस्पॉन्समध्ये कपाळाच्या स्नायूंची हालचालही धरलेली असते, म्हणून तो आधी उसळतो. दोघांतलं अंतर वाढलं की समजायचं, भूल हलकी होतेय किंवा पेशंटला टोचतंय. ही सोय मला फार आवडली. बीआयएसच्या पडद्यावर स्नायूंची हालचाल वेगळी दिसते, तिच्यावर डोळा ठेवावा लागतो. शिवाय आकडा जरा मागून येतो. इंडक्शनला, म्हणजे भूल सुरू करताना, घाई करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

केटामाइन हे भुलीचं औषध तालुक्याच्या ठिकाणी अजून भरपूर चालतं, आणि ते दिलं की भूल पुरेशी असूनही दोन्हीकडे आकडा वर चढतो. तो बघून औषध वाढवत बसू नका. उलट, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने बीआयएस खाली येऊ शकतो. २०१५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना फक्त ते औषध दिलं, तरी आकडा ६०च्या खाली गेला. म्हणून मी आकड्याआधी लहर बघतो. मधेच सपाट, मधेच उसळी, असं दिसलं तर भूल फारच खोल आहे.

मे महिन्यात कपाळाला घाम आला की पट्टी सुटते. स्पिरिटने पुसून, नीट कोरडं करून, दाबून लावावी लागते. कॉटरी (विजेने डागून रक्त थांबवणारं यंत्र) सुरू असताना तर आकड्याकडे बघूच नये. पट्टी एकदाच वापरायची, त्यामुळे ‘हे बिलात कुठे लावू?’ हा सर्जनचा प्रश्न ठरलेला.

मग पैसे वसूल कुठे होतात? प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या औषधाच्या पंपावर पूर्ण भूल चालते तिथे. त्यात श्वासातल्या भुलीच्या वायूचा आकडा मिळत नाही, आधाराला दुसरं काही नसतं. ‘डाक्टर, माले मधमाच जाग येई गयी तं?’ असं विचारणाऱ्या आजींना मी आता जरा निश्चिंतपणे उत्तर देतो. २००४च्या बी-अवेअर चाचणीत, जाग येण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांत बीआयएसमुळे असे प्रसंग कमी झाले होते, बीआयएसशिवाय ११, बीआयएससह २. पण २००८च्या बी-अनअवेअरमध्ये वायूचं प्रमाण मोजत राहिलेल्या गटाच्या तुलनेत फायदा दिसला नाही.

म्हणून ज्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये श्वासातला वायू मोजणारा चांगला गॅस ॲनालायझर आहे आणि सगळं काम वायूवरच चालतं, त्यांनी सध्या खर्च टाळला तरी चालेल. माझ्या फिरतीच्या बहुतेक ठिकाणी तो नाही.